अमेरिकेतील कॉलेजची आर्थिक मदत टिकवण्यासाठी: शैक्षणिक प्रगतीच्या अटींचे मार्गदर्शन

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले कॉलेजात जाऊ लागली की फाफ्साचा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीसाठीचा, अर्ज भरण्यासाठी घरात मोठी धावपळ होते. अर्ज मार्गी लागून पेल ग्रँट (परत फेडावे न लागणारे सरकारी अनुदान) किंवा कर्जाची रक्कम फीमधून वळती झाली की पुढची चार वर्षे आता काळजी नाही, असे बहुतेक पालक धरून चालतात. प्रत्यक्षात ही मदत दर सत्राला नव्याने टिकवावी लागते. विद्यार्थी पदवीच्या दिशेने पुरेशा वेगाने पुढे सरकतो आहे की नाही, हे कॉलेजचे आर्थिक मदत कार्यालय ठरावीक काळाने तपासते आणि तो मागे पडलेला दिसला तर मदत थांबवते. या तपासणीचे नाव ‘सॅटिसफॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस’ असे असून कार्यालयात आणि विद्यार्थ्यांत ती ‘सॅप’ या नावाने ओळखली जाते.

माझ्या मुलीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या घराने ही सगळी प्रक्रिया अनुभवली. आजारपणामुळे तिने काही विषय सोडले होते, उरलेल्या विषयांत तिला उत्तम श्रेणी होत्या आणि तरीही मदत बंद झाल्याचे पत्र आले. अपील मंजूर होऊन मदत पुन्हा सुरू झाली, पण नियम आधी नीट समजला असता तर मधले कितीतरी दिवस तिला वहीत आणि पुस्तकात घालवता आले असते. चांगले गुण आणि पुरेशी प्रगती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात कळायला हवे, या तळमळीने हा लेख लिहीत आहे.

१. आपल्याला कोणते नियम लागू होतात, ते आधी ठरवा

संघराज्य सरकारची मदत अमेरिकन नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि कायद्याने पात्र ठरवलेल्या इतर काही स्थलांतरितांना मिळते. पेल ग्रँट, सरकारी विद्यार्थी कर्जे, कॅम्पसवरील वर्क-स्टडीचे काम आणि पालकांनी घेतलेले पॅरेंट प्लस कर्ज या सर्वांना सॅपची अट लागू आहे. कर्ज पालकांच्या नावावर असले तरी प्रगती विद्यार्थ्याचीच मोजली जाते, हे येथे लक्षात घ्यावे.

एफ-१ व्हिसावर पुण्या-मुंबईहून थेट शिकायला आलेल्या किंवा एच-४ या, नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या, व्हिसावर येथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ही सरकारी मदत मिळत नाही. त्यांना विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दलची मदत) दिली असेल, तर तिच्या अटी मंजुरीच्या पत्रात लिहिलेल्या असतात आणि त्या सॅपपेक्षा कडक असू शकतात. शिवाय एफ-१ विद्यार्थ्याने एखादा विषय सोडल्यामुळे त्याची क्रेडिट (विषयाचा अभ्यासभार मोजण्याची एकके) पूर्णवेळ मर्यादेखाली जाणार असतील, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी विषय सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते. तेथे प्रश्न व्हिसाचा असतो.

राज्य सरकारांच्या योजनांचे निकष पुन्हा निराळे असतात. जॉर्जियातील होप शिष्यवृत्तीसाठी ३.० जीपीए (श्रेणींची ४ पैकी सरासरी) राखावा लागतो आणि ३०, ६० व ९० क्रेडिटच्या टप्प्यांवर तो तपासला जातो. टेक्सासमधील टेक्सास ग्रँटसाठी पहिल्या वर्षानंतर २.५ जीपीए, घेतलेल्यांपैकी ७५ टक्के क्रेडिट पूर्ण आणि वर्षाला किमान २४ क्रेडिट अशी अपेक्षा असते. म्हणजे एकाच विद्यार्थ्याची पेल ग्रँट चालू आणि राज्याची शिष्यवृत्ती बंद, असे होऊ शकते. आपल्याला मिळणाऱ्या प्रत्येक रकमेसमोर तिची अट लिहून एक कागद तयार करावा. पुढचे सर्व विवेचन सरकारी मदतीच्या सॅपविषयी आहे.

२. आपल्या कॉलेजचे लेखी धोरण मिळवा

सॅपची चौकट संघराज्याच्या नियमाने आखून दिलेली आहे आणि सध्याची रचना १ जुलै २०११ पासून अमलात आहे. त्या चौकटीत राहून प्रत्यक्ष धोरण मात्र प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. त्यामुळे शिकागोतील भाच्याला जे लागू झाले ते न्यू जर्सीतील आपल्या मुलाला लागू होईलच असे नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ऐकलेल्या माहितीवर निर्णय घेऊ नये.

कॉलेजच्या संकेतस्थळावर आर्थिक मदत विभागात हे धोरण असते. ते वाचताना पुढील गोष्टी शोधाव्यात: तपासणी प्रत्येक सत्राच्या शेवटी होते की वर्षातून एकदा; किमान जीपीए किती आणि किमान गतीचा (घेतलेल्यांपैकी पूर्ण केलेल्या क्रेडिटच्या टक्केवारीचा) आकडा किती; उन्हाळी सत्र कसे मोजले जाते; अपीलाची अंतिम तारीख कोणती; आणि अपील किती वेळा करता येते.

३. तीन मापे समजून घ्या

पहिले माप जीपीएचे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी बहुतेक कॉलेजे २.० ही किमान मर्यादा ठेवतात. दोन वर्षांपेक्षा मोठ्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सी श्रेणीइतकी सरासरी किंवा पदवीसाठी कॉलेजला लागणारी पातळी असलीच पाहिजे, असे सरकारी नियम सांगतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ही मर्यादा बहुधा ३.० असते.

दुसरे माप गतीचे. आजवर नोंदवलेल्या एकूण क्रेडिटपैकी किती क्रेडिट यशस्वीपणे पूर्ण केली, त्याची ही टक्केवारी आहे. पदवीसाठी ती साधारणपणे ६७ टक्के लागते.

तिसरे माप कमाल मुदतीचे. पदवीला लागणाऱ्या क्रेडिटच्या दीडपटीपर्यंतच मदत मिळते. १२० क्रेडिटची पदवी असेल तर नोंदवलेली क्रेडिट १८० च्या आत राहायला हवीत. येथे बारकावा असा की १८० क्रेडिट संपेपर्यंत कार्यालय थांबत नाही. उरलेले विषय त्या मर्यादेत बसणे गणिताने अशक्य झाले की त्याच तपासणीत मदत बंद होते. गतीचा ६७ टक्क्यांचा आकडाही याच दीडपटीतून आला आहे, कारण १८० पैकी १२० म्हणजे दोन तृतीयांश.

भारतात थोडे शिक्षण झालेल्या आणि येथे ग्रीन कार्ड मिळाल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या व्यक्तींनी तिसऱ्या मापाकडे विशेष लक्ष द्यावे. अशा अनेक भगिनी कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग किंवा अकाउंटिंगसाठी प्रवेश घेतात. भारतातील विद्यापीठाची जी क्रेडिट येथील कॉलेज स्वीकारते, ती नोंदवलेल्या आणि पूर्ण केलेल्या अशा दोन्ही रकान्यांत धरली जातात. गतीला त्याने हातभार लागतो, मात्र कमाल मुदतीतील तेवढा भाग पहिल्याच दिवशी खर्ची पडतो. आणखी एक गोष्ट म्हणजे भारतातील बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पदवी हातात असेल तर पेल ग्रँट सहसा मिळत नाही, कारण ती पहिल्या पदवीसाठीच आहे. अशा वेळी कर्जाचा पर्याय उरतो. पेल ग्रँटला स्वतःची आजीवन मर्यादाही आहे: पूर्णवेळ हिशेबाने सुमारे १२ सत्रे. २०२४-२५ साली तिची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर होती, यावरून ती गमावणे किती जड जाते याचा अंदाज यावा.

४. गतीचे गणित स्वतः मांडून पाहा

सर्वाधिक विद्यार्थी अडखळतात ते येथेच, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

समजा, एका विद्यार्थिनीने पहिल्या सत्रात १५ क्रेडिट घेतली आणि सर्व पूर्ण केली. दुसऱ्या सत्रात १५ घेतली, पण तीन क्रेडिटचे तीन विषय मध्येच सोडले आणि ६ पूर्ण केली. तिसऱ्या सत्रात पुन्हा १५ घेतली, त्यांपैकी एक विषय सोडला, एका विषयात ‘इन्कम्प्लीट’ (काम अपूर्ण राहिल्याचा) शेरा मिळाला आणि ९ पूर्ण झाली. तिने जे विषय पूर्ण केले त्यांत तिला ए आणि बी श्रेणी आहेत, त्यामुळे तिचा जीपीए ३.६ दिसतो. सोडलेला विषय गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ असा येतो आणि डब्ल्यू किंवा इन्कम्प्लीट यांपैकी कशाचाही परिणाम जीपीएवर होत नाही.

आता गती पाहा. नोंदवलेली क्रेडिट ४५, पूर्ण केलेली ३०. टक्केवारी ६६.६७. धोरणात ‘६७ टक्के’ लिहिले असेल आणि कॉलेज अपूर्णांक वर नेत नसेल, तर ३.६ जीपीए असलेली ही मुलगी सॅपमध्ये नापास होते. धोरणात ‘६६.६७’ लिहिले असेल तर ती काठावर उत्तीर्ण होते. आपल्या कॉलेजने कोणता आकडा छापला आहे, हे पाहण्याचे महत्त्व यातून ध्यानात येईल. तिने पुढच्या सत्रात १५ पैकी १५ पूर्ण केली तर ६० पैकी ४५, म्हणजे ७५ टक्के होतात आणि ती बरीच सावरते.

हे गणित मांडताना काही नोंदी हमखास विसरल्या जातात. नापास झालेला विषय नोंदवलेल्यांत धरला जातो, पूर्ण केलेल्यांत नाही. तोच विषय पुन्हा घेतला की तो पुन्हा नोंदवलेल्यांत मिळवला जातो, मग नव्या श्रेणीने जीपीए सुधारला तरी. उत्तीर्ण झालेला विषय केवळ श्रेणी वाढवण्यासाठी पुन्हा घ्यायचा असेल तर सरकारी मदत त्यासाठी एकदाच मिळते. ज्या सत्राची फी स्वतःच्या खिशातून भरली आणि एक डॉलरचीही मदत घेतली नाही, ते सत्रही हिशेबात येते. पुष्कळ पालकांना हे शेवटचे पटत नाही, पण नियम तसाच आहे.

अनौपचारिक गुणपत्रक कॉलेजच्या पोर्टलवर केव्हाही पाहता येते. ते छापून, पेन्सिलने दोन रकाने आखून दर सत्राच्या शेवटी बेरीज करावी. कॉलेजचे पत्र येण्याआधी आपली स्थिती आपल्यालाच कळते.

५. विषय सोडण्यापूर्वी दोन कार्यालयांना विचारा

शैक्षणिक सल्लागार विद्यार्थ्याचे हित पाहूनच सांगतो, “तुला हा विषय जड जातो आहे, नापास होण्यापेक्षा सोडून दे.” श्रेणीच्या दृष्टीने हा सल्ला योग्यच असतो. मात्र मदतीवर त्याचा काय परिणाम होईल, याचे उत्तर आर्थिक मदत कार्यालयाकडे असते. माझ्या मुलीच्या बाबतीत सल्लागाराचे म्हणणे बरोबर होते आणि तरीही गती घसरली, कारण ही दोन कार्यालये एकमेकांची आकडेमोड करत नाहीत. विषय सोडण्याचा अर्ज भरण्यापूर्वी आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून, “हा विषय सोडल्यास माझी गती किती टक्के राहील आणि या सत्रातील मदत कमी होईल का?” असे लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

सत्राच्या सुरुवातीला विषय बदलण्याची जी मुदत असते, तिच्या आत सोडलेला विषय गुणपत्रकावर सहसा उमटत नाही. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच विषय झेपणार आहे का, याचा प्रामाणिक विचार करावा.

सर्वच विषय सोडून सत्र अर्धवट टाकावे लागले तर सॅपखेरीज दुसरा एक नियम लागू होतो. सत्राचा ६० टक्के काळ पूर्ण होण्यापूर्वी विद्यार्थी बाहेर पडला, तर मिळालेल्या मदतीचा काही भाग सरकारकडे परत जातो आणि तेवढी रक्कम कॉलेज विद्यार्थ्याकडून मागू शकते. कोणालाही न सांगता वर्गात जाणे बंद करणे हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग आहे.

६. पत्र आले तर आपली स्थिती नेमकी ओळखा

पत्र बहुधा विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या ईमेलवर येते, घरी टपालाने नाही. पालकांनी कार्यालयाला फोन केला तर नम्रपणे नकार मिळतो, कारण १९७४ च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर त्याचाच हक्क असतो. फी आपण भरतो, मग माहिती का नाही, असा वाद घालण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्याने संमतीचा फॉर्म भरून दिला की कार्यालय पालकांशी बोलू शकते. हा फॉर्म प्रवेशाच्या वेळीच भरून ठेवलेला बरा.

पत्रात ‘वॉर्निंग’ असा शब्द असेल तर एक सत्र मदत चालू राहते आणि अपील करावे लागत नाही. त्या सत्रात निकष गाठायचे असतात. दर सत्राला तपासणी करणाऱ्या कॉलेजांतच ही सवलत देता येते. वर्षातून एकदाच तपासणी करणाऱ्या कॉलेजात ती नसते, तेथे थेट मदत थांबते.

मदत थांबली म्हणजे कॉलेजातून काढले, असे नाही. शिक्षण स्वखर्चाने चालू ठेवता येते. एखादे सत्र घरी बसल्याने किंवा एका सत्राची फी स्वतः भरल्याने मदत आपोआप परत येत नाही. निकष पुन्हा पूर्ण झाले पाहिजेत किंवा अपील मंजूर झाले पाहिजे.

७. अपील तयार करा

विद्यार्थ्याचे आजारपण किंवा दुखापत, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू आणि अन्य विशेष परिस्थिती, ही कारणे नियमातच मान्य केलेली आहेत. अपीलात दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: प्रगती का खुंटली, आणि आता काय बदलले आहे ज्यामुळे पुढच्या तपासणीत निकष पूर्ण होतील. बहुतेक अपिले पहिल्या उत्तरावर पाने भरतात आणि दुसरे एका ओळीत उरकतात. समितीचे लक्ष दुसऱ्या उत्तराकडे अधिक असते.

शाळेत शिकवलेल्या विनंती अर्जाची सवय आपल्याला असते. घरची हलाखी, आईवडिलांचे कष्ट आणि शेवटी कृपेची याचना, असा तो अर्ज येथे उपयोगी पडत नाही. पत्र विद्यार्थ्याने स्वतः, स्वतःच्या शब्दांत लिहावे. पालकांनी किंवा नात्यातल्या इंग्रजी चांगले असणाऱ्या कोणी लिहून दिलेले पत्र चटकन ओळखू येते. घटना तारखांसह सांगाव्यात आणि प्रत्येक तारीख सोबतच्या कागदाशी जुळावी. “मी आता खूप मेहनत करीन” या वाक्याऐवजी “डॉक्टरांनी या तारखेपासून पूर्णवेळ अभ्यासाची परवानगी दिली आहे, पुढच्या सत्रात मी १५ ऐवजी १२ क्रेडिट घेत आहे, आणि दर मंगळवारी गणिताच्या शिकवणी केंद्रात जाण्याचे नक्की केले आहे” असे लिहावे. माझ्या मुलीच्या पहिल्या मसुद्यात आजाराचे वर्णन दीड पान होते. अंतिम पत्रात ते पाच-सहा ओळींवर आले आणि उरलेली जागा पुढच्या सत्राच्या आखणीने घेतली.

सोबत जोडण्याचे कागद असे:

- कॉलेजचा भरलेला अपील फॉर्म आणि सही केलेले पत्र
- डॉक्टरांचे किंवा समुपदेशकाचे पत्र, ज्यात आजाराचा कालावधी आणि सध्याची प्रकृती स्पष्ट आहे. औषधांच्या पावत्या पुरेशा नसतात
- मृत्यूचा दाखला आणि मृत व्यक्तीशी असलेले नाते दाखवणारा कागद. त्यासाठी भारतात जावे लागले असल्यास विमानाच्या तिकिटाची प्रत
- अनौपचारिक गुणपत्रक, ज्यावर अडचणीची सत्रे खुणा करून दाखवली आहेत
- शैक्षणिक सल्लागाराच्या सहीचा, उरलेल्या विषयांचा सत्रनिहाय आराखडा

महाराष्ट्रातील मृत्यूचा दाखला सहसा मराठी-इंग्रजी असा दुभाषी असतो, तोच मागवून घ्यावा. केवळ मराठीतील कागद असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. आजी-आजोबांना ‘जवळचे नातेवाईक’ मानले जाईल का, अशी शंका असेल तर ते आपल्या घरात राहत होते किंवा त्यांची शुश्रूषा विद्यार्थ्याकडे होती, हे एका वाक्यात नमूद करावे.

नैराश्य किंवा चिंतेचा विकार हे खरे कारण असताना ‘पोटाचा त्रास’ लिहिण्याचा आग्रह काही घरांत धरला जातो. कृपा करून तसे करू नका. हा विकारही आजार म्हणूनच धरला जातो, समुपदेशकाचे पत्र पुरावा म्हणून चालते, आणि खोट्या कारणाला जुळणारा कागद कोठूनही मिळत नाही. मुलाचा विश्वासही त्यात गमावला जातो, तो वेगळाच.

अपील वेळेत द्यावे. निर्णय येईपर्यंत फीची तारीख उलटणार असेल तर फी विभागाकडे हप्त्यांची सोय मागावी, अन्यथा विषयांची नोंदणी रद्द होऊ शकते. अपील ऐकण्याचे आणि त्यावर निर्णय देण्याचे काम कॉलेजचेच असते, त्यामुळे पहिला अर्जच परिपूर्ण असावा.

८. प्रोबेशनचे सत्र जपून पार पाडा

अपील मंजूर झाले की ‘प्रोबेशन’ सुरू होते आणि एका सत्रासाठी मदत मिळते. एका सत्रात निकष गाठणे अशक्य असेल तर कॉलेज ‘अकॅडेमिक प्लॅन’ आखून देते आणि त्यानुसार चालत राहिल्यास पुढेही मदत मिळते. या प्लॅनमध्ये दर सत्राला किती क्रेडिट, कोणते विषय आणि किमान कोणती श्रेणी हे लिहिलेले असते. त्यातील ठरलेला विषय वर्ग भरल्यामुळे मिळाला नाही आणि विद्यार्थ्याने परस्पर दुसरा घेतला, तर चांगली श्रेणी मिळूनही प्लॅन मोडला असे ठरू शकते. बदल करायचा असेल तर आधी लेखी मंजुरी घ्यावी.

प्रोबेशनच्या सत्रात एकही विषय सोडू नये, म्हणून सुरुवातीलाच झेपतील तेवढेच विषय घ्यावेत. सरकारी कर्जासाठी पदवीच्या विद्यार्थ्याला किमान अर्धवेळ, म्हणजे सहसा ६ क्रेडिट लागतात, हे त्या वेळी ध्यानात ठेवावे. आधीच्या सत्रातील ‘इन्कम्प्लीट’ शेरा बदलून श्रेणी लागली असेल तर कार्यालयाला कळवून गतीचा फेरहिशेब करून मागावा. तो नेहमीच आपणहून केला जातो असे नाही. सत्राच्या श्रेणी जाहीर झाल्यावर पोर्टलवर सॅपची स्थिती बदललेली दिसेपर्यंत पाठपुरावा करावा आणि ती बदलल्याच्या पानाची प्रत फाफ्साच्या कागदांसोबत ठेवावी.